धोतरावर कोट

रायपुरात टाटीबंधच्या बाजूला, हायवेला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडसमोर मी आमची स्कूटर स्टँडवर चढवली आणि कोणता रंग हवा ते सांगायला तोंड उघडलं. मिस्त्रीनं पंजा वर करून मला थांबवलं. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, डिकीवर अंगठ्याचं नख रोवलं, नखाखाली आलेला ऐवज नाकाशी नेला आणि जुन्या वैद्याच्या गंभीरपणानं विचारलं, "एखर भीतरी का हे?"

आत काय आहे! चाळीस वर्षांत या स्कूटरच्या बाबतीत आमच्या घरात तीनच प्रश्न विचारले गेले होते. कोणता रंग, किती दिवस, आणि "एवढे पैसे?" हा चौथा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर मला त्या शेडपर्यंत यावंच लागलं नसतं.

कारण माझ्या मागे उभी असलेली ती वस्तू स्कूटर आहे हे फक्त हँडलमुळे कळत होतं. अंगभर बारीक सुरकुत्या आणि प्रत्येक सुरकुतीतून डोकावणारी गुलाबी झाक. आधीच्या रंगाऱ्यानं ती माझ्या ताब्यात दिली, तेव्हा मनात पहिला विचार पेढे वाटायचा आला होता. नुकतंच जन्मलेलं मूल सोडलं, तर एवढी गुलाबी आणि एवढी सुरकुतलेली गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

हे कसं झालं ते सांगायचं, तर १९७७ पासून सुरुवात करावी लागेल.

त्या साली बाबांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला. ज्यांचा नातेवाईक परदेशातून डॉलर पाठवू शके, त्यांना गाडी लवकर मिळे. आमचे सगळ्यात दूरचे नातेवाईक तेव्हा भिलाईला होते. नंबर लावला त्याच वर्षी दादाचा जन्म झाला. गाडी १९८४ मध्ये आकुर्डीहून आली, तेव्हा तो दुसरीत होता. रंग निवडायची सोय नव्हती. जो येईल तो आपला. आला तो पिस्ता. आईनं गाडीला कुंकू लावलं आणि म्हणाली, "बर्फीसारखी दिसते." त्यानंतर कितीतरी दिवस मला गाडीवर बसलं की भूक लागायची.

हा पिस्ता कारखान्यातला. तिथे पत्र्यावर इनॅमल फवारतात आणि सांगाडा भट्टीतून काढतात, सव्वाशे-दीडशे अंशांतून. भाकरी भाजावी तसा रंग भाजून निघतो. आणि एकदा भाजला गेलेला रंग पुढे कोणाचं ऐकत नाही. बाबाही साधारण तसेच होते.

१९९५ मध्ये दादा सायन्स कॉलेजात गेला आणि त्यानं जाहीर केलं की बर्फीच्या रंगाच्या गाडीवर बसून कोणी केमिस्ट्री शिकायला जात नाही. गाडी लाल झाली. रंगाऱ्यानं 'ड्युको' मारला. आमच्याकडे गाडीच्या कुठल्याही फवाऱ्याच्या रंगाला ड्युकोच म्हणतात, जसं वनस्पती तुपाच्या कुठल्याही डब्याला डालडा. हे मूळ नाव अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं. त्याआधी मोटारीवर व्हार्निशाचे थर चढवायचे आणि वाळण्याची वाट बघत आठवडेच्या आठवडे बसायचं, अशी पद्धत होती. १९२३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर हा नवा रंग आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. गॅरेजच्या भाषेत एन.सी. याचं वाळणं म्हणजे नुसतं थिनर उडून जाणं. आत काही बदलत नाही. त्यामुळे कितीही वर्षांनी थिनरचा वास आला, की तो पुन्हा पातळ व्हायला तयार. दादाचं आणि या रंगाचं जमलं यात मला नवल वाटत नाही.

२००३ मध्ये दादाचं लग्न ठरलं आणि घराला रंग काढला. फाटकासाठी आणलेला चॉकलेटी सिंथेटिक इनॅमल उरला. उरलेली गोष्ट वाया जाणं काकांना बघवत नसे. त्यांनी फाटकानंतर खिडक्यांचे गज रंगवले, मग मोरीतली टाकी, मग तुळशीवृंदावनाचा कठडा, आणि तरीही डब्यात चार बोटं रंग उरला तेव्हा त्यांची नजर स्कूटरकडे गेली. ब्रशनं. उभे हात. पुढची कित्येक वर्षं ती फाटकाशेजारी उभी असली की येणारे पाहुणे तिलाच ढकलून आत यायचा प्रयत्न करायचे.

या रंगाची तऱ्हा आणखी निराळी. याचं मूळ तेलात आहे, जवस किंवा सोयाबीनच्या. छत्तीसगढचा शेतकरी भाताच्या उभ्या पिकात ओल असतानाच जवस फेकून ठेवतो, त्याला इथे उतेरा म्हणतात. तेच जवस. टर्पेंटाईन उडालं की हा रंग वरवर वाळतो, आणि मग सावकाश हवेतला प्राणवायू घेत महिनोन् महिने आतून घट्ट होत राहतो. पुन्हा तो विरघळत नाही. फक्त फुगतो. काकांच्या स्वभावाशी तुलना करायचा मोह मी आवरतो.

आणि मग मी.

मागच्या ऑगस्टमध्ये मला वाटलं, गाडी पांढरी करावी. पांढऱ्या रंगात जुन्या गोष्टी कशा खानदानी दिसतात. घराजवळच्या एका रंगाऱ्याकडे नेली. त्यानं वरून कपडा मारला, "हो जाएगा" म्हणाला आणि काकांच्या सिंथेटिकवर एन.सी. फवारला. पाच मिनिटं गाडी अप्रतिम दिसत होती. मी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. नाशिकच्या मावशीचा अंगठा यायच्या आत गाडीला सुरकुत्या पडायला लागल्या.

झालं ते असं. एन.सी.च्या थिनरमध्ये ॲसिटोन, टोल्युइन अशी जहाल मंडळी असतात. ती खालच्या सिंथेटिकमध्ये शिरली. सिंथेटिक विरघळेना, पण फुगला. खाली तो पत्र्याला चिकटलेला, बाजूला सरकायला जागा नाही. सतरंजी मोठी आणि खोली लहान असली की सतरंजी जे करते तेच त्यानं केलं. सुरकुत्या फाटल्या आणि थिनर आणखी खाली दादाच्या लाल लॅकरपर्यंत पोहोचलं. तो तर तीस वर्षं विरघळायला टपलेलाच होता. तो वर येऊन पांढऱ्यात मिसळला. म्हणून गुलाबी. वर ऑगस्टची हवा. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, गार पृष्ठभागावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकं धुकं धरतं. म्हणजे माझी गाडी एकाच वेळी गुलाबी, सुरकुतलेली आणि धुकट होती. महाबळेश्वरच्या एखाद्या सूर्योदयाबद्दल हे शब्द वाचायला बरे वाटतात.

रविवारी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेलो. साबुदाणा वड्याच्या पहिल्या घासाबरोबर गाडीचा विषय निघाला आणि दुसऱ्या घासाला माझ्याभोवती पाच तज्ज्ञ जमले. मराठी माणसाला रंगातलं कळतं, हे मला तिथे कळलं. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "वरून रेडऑक्साइड मार, सगळं दबतं." एक वहिनी म्हणाल्या, "स्टिकर लावा." नाटकात दरवर्षी मेकअप करणारे एक भाऊ म्हणाले, "आधी बेस बघा. बेस चुकला की शिवाजीचा अफझलखान होतो." त्यांच्याकडे मी नीट लक्ष दिलं नाही, कारण ते नाटकवाले. पूर्ण मंडळात शास्त्रशुद्ध तेवढेच बोलले होते, हे मला नंतर समजलं.

घरी आलो तर बायको नखांचं पॉलिश काढत बसली होती. मी माझं दुःख सांगत होतो आणि ती बोळ्यानं एकेक नख पुसत होती. मध्येच थांबली, बोळ्याचा वास घेतला, माझ्या शर्टाचा वास घेतला आणि म्हणाली, "तुमच्या त्या रंगाऱ्याकडे हाच वास येत होता का?"

हाच. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन, थिनरमध्येही ॲसिटोन. आणि नखांचं पॉलिश म्हणजेही नायट्रोसेल्युलोजचा लॅकरच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, त्या काळची सिनेमाची फिल्मसुद्धा नायट्रोसेल्युलोजचीच असे. म्हणजे हरिश्चंद्र, बायकोची नखं आणि दादाची स्कूटर हे एका गोत्रातले निघाले.

रात्री दहा वाजता ती बाटली आणि कापूस घेऊन अंगणात उतरली, मी टॉर्च धरला. सीटखाली, जिथे कोणाचं लक्ष जात नाही अशा ठिकाणी तिनं पहिला बोळा ठेवला. काकांचा चॉकलेटी दोन-तीन मिनिटांत साबुदाण्यासारखा फुगून आला. "सिंथेटिक," मी म्हणालो. तिनं तो खरवडला आणि खालच्या लालवर दुसरा बोळा फिरवला. बोळा लालभडक. "लॅकर." ती म्हणाली, "माझ्याकडे ही शेड होती." मग लाल पूर्ण पुसला गेला आणि खाली पिस्ता दिसला. तिसरा बोळा. चौथा. कापूस कोरा तो कोरा. पिस्त्यावर ओरखडा नाही. १९८४ मध्ये भाजलेले बाबा जागचे हलले नव्हते.

जुन्या गाडीचा रंग ओळखायचं सगळं शास्त्र एवढंच आहे. कापूस रंगला तर लॅकर, कातडी फुगली तर सिंथेटिक, काहीच झालं नाही तर भट्टीतला इनॅमल नाहीतर हार्डनर घालून केलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. मात्र ही परीक्षा रंग मारायच्या आधी घ्यायची असते. आम्ही लग्नानंतर पत्रिका पाहत होतो.

ही सगळी कुळकथा मी टाटीबंधच्या मिस्त्रीला सांगितली. मध्ये एकदाच तो बोलला. चॉकलेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "कोन पोते हे एला?" पोतणं म्हणजे जमीन सारवतात ते. काकांच्या कलेचं इतकं नेमकं परीक्षण घरातल्या कोणी केलं नव्हतं. पण मग तो म्हणाला, "तरी त्या काकानं चूक केली नाही. लॅकरवर इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर चालत नाही."

हे वाक्य पाठ करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. दर वेळी उलटं व्हायचं. शेवटी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहिलं आणि सगळं लख्ख झालं. धोतरावर कोट चालतो. कोटावर धोतर चालत नाही. सौम्य थिनरचा रंग जहाल थिनरच्या रंगावर खुशाल चढवा. जहाल रंग सौम्यावर चढवलात तर तो खालच्याला जगू देत नाही. माझ्या रंगाऱ्यानं कोटावर धोतर नेसवलं होतं, आणि मग निऱ्या पडल्या म्हणून आश्चर्य करत बसला होता.

"मग आता पीयू मारू या," मी म्हणालो. नवा शब्द शिकलो की तो लगेच वापरायची मला सवय आहे. मिस्त्रीनं मान हलवली. पीयूचं थिनरही जहालच असतं. कच्च्या सिंथेटिकवर तोही सुरकुत्या पाडू शकतो. मध्ये अडसर म्हणून सीलर मारतात, पण खालचं डळमळीत असेल तर सीलर काय करणार? सुताराकडे या कामाला चपडा असतो. लाकडाच्या जुन्या आणि नव्या पॉलिशमध्ये बसून तो दोघांना भांडू देत नाही. चपडा म्हणजे लाख, आणि लाख आमच्या छत्तीसगढच्या जंगलातली, कुसुम, पळस नि बोरीच्या फांद्यांवरची. 'लॅकर' हा शब्दसुद्धा या लाखेवरूनच आलेला. आमच्याच झाडावरून शब्द गेला, जग फिरला आणि डब्यात बंद होऊन, किंमत वाढवून परत आला. आमच्या इंजिनीयर झालेल्या मुलांपेक्षा त्यानं एवढं तरी बरं केलं, की परत आला.

मिस्त्रीचा निकाल असा: वरचे तीन थर उतरवायचे, पिस्त्याला हात लावायचा नाही. भाजलेला रंग पत्र्याला घट्ट धरून आहे, त्यापेक्षा चांगला पाया मी कुठून आणू? त्याला फक्त पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करायचं, म्हणजे नवा रंग धरून बसेल. जिथे गंज आहे तिथे पत्र्यापर्यंत जायचं, एपॉक्सी प्रायमर मारायचा, खड्ड्यांत पुट्टी भरायची. मग पीयू.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो. ज्या थिनरनं घात केला होता, त्याच थिनरची चिंधी तो चॉकलेटीवर थापत होता. चॉकलेटी फुगला की पत्री लावून सायीसारखा काढायचा. खालचा लाल चिंधीनं पुसायचा. खाली पिस्ता. तेच थिनर, तोच पराक्रम, फक्त या वेळी मुद्दाम. मागच्या रंगाऱ्यानं नकळत निम्मं काम करून ठेवलं होतं. मी त्याला दिलेले पैसे बुडाले असं म्हणत होतो, ते आता आगाऊ दिले असं म्हणायला लागलो.

थर निघत होते तसतशी माझी नजर मात्र शेडबाहेरच्या शहराकडे जात होती. हे रायपूर तरी काय आहे? खाली कलचुरी. त्यावर १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांचा नागपुरी हात. १८५४ ला इंग्रजांचा. मग मध्य प्रांत-वऱ्हाड, १९५६ ला मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ. कोणीही आधीचं खरवडलं नाही, वरून हात मारत गेले. आमच्या गाडीच्या पाटीवर अजून एम.पी. आहे. आम्ही तात्यापारा मोहल्ल्यातली मराठी माणसं म्हणजे मधला एक थर. पुण्याचा आतेभाऊ आला, की माझं "मी येऊन राहिलो आहे" ऐकून तो नखानं खरवडून बघतो, खाली खरंच मराठी आहे का. मी त्याला सांगतो, माधवराव सप्र्यांनी याच मुलखात १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं आणि पुढे 'दासबोध' नि 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. खाली मराठी, वर हिंदी, आणि एक सुरकुती नाही. धोतरावर कोट बसायला शिंपी तेवढा चांगला लागतो.

रंग पांढराच हवा, हे मी अजून सोडलं नव्हतं. मिस्त्रीनं मला शेडच्या पत्र्यावर बोट फिरवायला लावलं. बोट काळं. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला, की आमच्या गच्च्यांवर जे उतरतं ते. रायपुरात पांढरा ही रंगाची एक तात्पुरती अवस्था आहे. मी विचार करत घरी आलो, बाबांच्या फायलीतून गाडीची आरसी काढली आणि 'रंग' या रकान्यापाशी माझी बोटं थांबली. रंग : हिरवा. गाडीचा रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. दादानं लालची केली नव्हती, काकांनी चॉकलेटीची केली नव्हती. म्हणजे तीस वर्षं आम्ही सरकारदरबारी हिरवी असलेली गाडी इतर रंगांत चालवत होतो. ज्या बाबांनी आयुष्यात सायकलसुद्धा दिव्याशिवाय चालवली नाही, त्यांच्या गाडीचं हे!

दादाला फोन केला. तो म्हणाला, "पिस्ताच कर." मग थोडं थांबून, "मला तेव्हाही तसा तो रंग आवडायचा."

शेड जुळवायला सीटखालचा तोच चौकोन उपयोगी पडला, बायकोनं पुसलेला. हवा कोरडी झाल्यावर एका सकाळी मिस्त्रीनं जमीन ओली केली, धूळ बसवली, रंगात हार्डनर मिसळला. पीयू नुसता वाळत नाही. दोन द्रव्यं एकमेकांत गुंततात आणि मग सुटत नाहीत. मिसळलं की घाई करायची, डब्यात राहिलं तर डब्यातच दगड होतं. मिस्त्रीनं नाकाला गमछा बांधला. छत्तीसगढात गमछा ऊन, पाऊस, धूळ आणि सावकार या सगळ्यांवर चालतो, पण हार्डनरच्या वाफेवर चालत नाही. ती फुप्फुसाला धरते. मी आणलेला मास्क त्यानं आधी गळ्यात घातला, मी निघत नाही असं बघून मग तोंडावर घेतला.

एक हात. थांबून दुसरा. सुरकुती नाही, धुकं नाही, गुलाबी नाही. आम्ही दोघं श्वास धरून उभे. पंधरा मिनिटांनी त्यानं मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "बने होगे." झालेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून जास्त होता. तो आकडा मी घरी सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही, कारण हे घरीही वाचतात.

राहता राहिलं एक काम. हा सगळा घोळ झाला तो कोणी कुठे काही लिहून न ठेवल्यामुळे. म्हणून डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी नोंद करायची ठरवली : 'तळाला कारखान्याचा भट्टी इनॅमल, १९८४. गंजावर एपॉक्सी प्रायमर. वर पीयू.' पेन उठेना. बायकोनं तिची लाल बाटली पुढे केली. मी घाबरून मिस्त्रीला फोन लावला, पीयूवर लॅकर चालेल का? तो हसला. पक्क्या पीयूवर चालतो.

तिनं बारीक ब्रशनं, सुरेख अक्षरात लिहिलं. वाळल्यावर मी वाचलं. माझ्या तीन ओळींखाली तिनं स्वतःची एक घातली होती :

'वाचणाऱ्याने रिमूव्हर लावून बघू नये. हा लॅकर आहे.'